शहाजीरावांची ओळ

पूनमच्या डोहाळजेवणात हेळवी येऊन टपकला, आणि त्यापायी शहाजीराव मेटकरी साठीला टेकलेले असताना दहावीला बसले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणीही विचारील. शहाजीरावांना मात्र तो संबंध पाच मिनिटांत कळला आणि पुढं वर्षभर त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

हेळवी म्हणजे घराण्याची वंशावळ तोंडपाठ ठेवणारा माणूस. पूर्वी तो बैलावर बसून गावोगाव फिरायचा. सुगी उरकली की दारात यायचा, मूळपुरुषापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळी नावं खड्या आवाजात म्हणायचा, घरात नवं मूल झालं असेल तर त्याला ओळीत घ्यायचा आणि ज्वारी-धोतर घेऊन पुढच्या दाराला जायचा. बाकीचे हेळवी आता वह्या बाळगतात. मेटकऱ्यांचा चनबसप्पा मात्र वहीला हात लावत नाही. त्याला लिहिता-वाचता येत नाही आणि याचा त्याला भारी अभिमान आहे. बैल जाऊन आता पुतण्याची मोटारसायकल आली आहे, पण तिच्यावरूनही तो बैलावरून उतरल्यासारखाच उतरतो. आधी चार लोकांकडं बघतो, मग पाय खाली टाकतो.

त्या वर्षी तो आधी मंगळवेढ्याकडं गावी गेला होता. तिथं शहाजीरावांचा धाकटा भाऊ सिद्धराम म्हणाला, ‘‘थोरल्याकडं सोलापुरात कार्यक्रम हाय. समदी तितंच गावतील, तितंच जावा.’’ म्हणून चनबसप्पा भर उन्हात जुळे सोलापूर भागातल्या शहाजीरावांच्या घरी येऊन पोचला. नोकरीपायी शहाजीरावांनी कित्येक वर्षांत त्याचं म्हणणं ऐकलं नव्हतं.

शहाजीरावांना कोण आनंद झाला! चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातून ते स्टोअर सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले होते. घर स्वतःचं, मुलगा इंद्रजीत बँकेत, सून पूनम गणितात एम.एस्सी. आणि कॉलेजात शिकवणारी. सगळं होतं. फक्त व्याही आबासाहेब बार्शीचे निवृत्त मुख्याध्यापक होते आणि त्यांच्यासमोर शहाजीरावांना आपलं काहीतरी कमी पडतंय असं सारखं वाटायचं. आबासाहेबांनी उभ्या आयुष्यात कुणाला एक गुण जास्त दिला नव्हता, आणि व्याह्यांनाही ते अजून तपासतच होते. आता त्यांना कळेल मेटकरी म्हणजे कोण, असं म्हणून शहाजीरावांनी हेळव्याला खुर्ची दिली, ओटी भरणाऱ्या बायकांना गप्प केलं आणि इंद्रजीतला व्हिडिओ काढायला लावलं. या शेवटच्या सूचनेबद्दल त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

चनबसप्पानं कानावर हात ठेवला आणि सुरू केलं.

‘‘मूळपुरुष बिरू, माळावर तळ टाकला. बिरूचा येडू, येडूनं विहीर खांदली. येडूचा भिमा, भिमानं घोडी पाळली. भिमाचा तुकाराम, तुकारामानं दोन माणसाचं एकल्यानं खाल्लं. तुकारामाचा शहाजी, शहाजी दहावीला तीनदा बसला. शहाजीचा इंद्रजीत, इंद्रजीत बँकेत बसला...’’

हसण्याची पहिली लाट बायकांच्या बाजूनं आली. दुसरी इंद्रजीतच्या मित्रांकडून. आबासाहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा सारखा केला आणि सरावाच्या आवाजात विचारलं, ‘‘कोणता विषय राहिला होता?’’

‘‘गणित, सर,’’ शहाजीराव म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण उभे राहिलो आहोत.

आजवर शिक्षणाचा विषय निघाला की ते ‘त्या काळच्या मानानं बरं झालं’ असं म्हणून ताकाची वाटी पुढं सरकवायचे. ती सोय एका क्षणात संपली.

पंगत उठल्यावर त्यांनी चनबसप्पाला जिन्याखाली गाठलं.

‘‘ते तेवढं काढून टाका.’’

‘‘काय काढू री? बसला न्हाई काय तुमी?’’

‘‘बसलो.’’

‘‘तीनदा?’’

‘‘तीनदा. पण म्हणून असं चारचौघांत म्हणायचं?’’

‘‘तुमच्या वडलांनीच सांगितलं री. मी विचारलं, पोरगं काय करतंय? दहावीला बसतंय म्हणाले. पुढच्या साली विचारलं, बसतंय. त्याच्या पुढच्या साली विचारलं, बसतंय. मी काय करू? खोटं आमी म्हणत न्हाई.’’ मग त्याला थोडी दया आली असावी. ‘‘पास व्हा की. झालं की सांगा, लगीच बदलतो.’’

त्या दुपारी शहाजीरावांनी जेवणाच्या हंड्यांमध्ये बसून विचार केला. येणारं नातवंड मोठं होणार. कधीतरी दारात बसून हे ऐकणार. कुणी विहीर खांदली, कुणी घोडी पाळली, आणि आपला आजा काय, तर बसला. आपण तीस वर्षं एका खिळ्याचा हिशेब चुकू दिला नाही, हे त्यात कुठंच नाही. त्यांना खरंच वाईट वाटलं. माणूस गेल्यावर मागं एक ओळ उरते आणि आपली ही असली!

‘‘मी दहावी करणार,’’ संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं.

‘‘आदी ती भांडी आचाऱ्याला पोचवा,’’ त्यांच्या पत्नी मथुराबाई म्हणाल्या.

व्हिडिओ तोवर भावकीच्या ग्रुपवर आणि तिथून कॉलनीच्या ग्रुपवर गेला होता. सकाळी शहाजीराव दुधाची पिशवी घ्यायला गेटवर आले तर शेजारचे रुद्रप्पा बिराजदार उभेच होते. रुद्रप्पा महापालिकेतून रिटायर झालेले. त्यांना कोणत्याही कामाचा सरळ रस्ता माहीत नव्हता, पण आडरस्ते सगळे माहीत होते.

‘‘मेटकरी, बाहेरून बसायचं. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. साइडला घ्यायचं काम आहे हे, चुटकीसरशी होतंय.’’

साइडला घ्यायच्या कामासाठी शहाजीराव त्यांना नेमून दिलेल्या शाळेत गेले. तिथल्या शिपायानं त्यांच्या हातात पहिलीच्या प्रवेशाचा कागद दिला. तो परत केला, तर त्यानं बालवाडीचा दिला. शेवटी ते खिडकीशी पोचले.

‘‘सतरा नंबर? पाल्याला घेऊन या,’’ कारकून मान वर न करता म्हणाले.

‘‘आणलंय.’’

‘‘कुठाय?’’

‘‘हा काय.’’

कारकुनांनी मान वर केली आणि शहाजीरावांच्या मागं कुणी लपलंय का ते पाहिलं. मग अडचणी सुरू झाल्या. सतरा नंबर हा शाळा सोडलेल्यांसाठी. हे तर परीक्षेला बसून नापास झालेले. म्हणजे जुने विद्यार्थी. पण इतके जुने की त्यांचे विषयही आता कुणी शिकवत नाही. म्हणजे नवे विद्यार्थी. कारकुनांनी एकदा नवा म्हटलं, एकदा जुना म्हटलं आणि मग जेवायला गेले.

शाळा सोडल्याचा दाखला गावाहून आणला तर त्यात वेगळाच घोळ. शहाजीराव आणि सिद्धराम यांना वडलांनी एकाच दिवशी शाळेत नेऊन सोडलं होतं. त्या काळी गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघायचे. हात पोचला की पोरगं शाळेला झालं आणि त्याचा जन्म एक जूनचा. दोघांचेही हात पोचले, त्यामुळं दोघंही एकाच वर्षी, एकाच एक जूनला जन्मले. सिद्धरामनं दाखला आणताना घाईत आपलाच आणला. तो दुरुस्त करायला परत गाव. दुसऱ्या खेपेला शहाजीरावांचा दाखला आला, पण ‘शहाजी’चं ‘शिवाजी’ होऊन. त्याचं प्रतिज्ञापत्र करायला सात रस्ता चौकात गेले, तर तिथल्या वकिलानं विचारलं, ‘‘नोकरीसाठी पाहिजे का?’’

‘‘इज्जतीसाठी,’’ शहाजीराव म्हणाले. पाऊस सुरू होऊन संपला तेव्हा कुठं फॉर्म जमा झाला.

मधल्या काळात पूनमला बार्शीला माहेरी मुलगी झाली. बारशाला आबासाहेबांनी सुचवलेलं ‘उत्कर्षा’ हे नाव ठेवण्यात आलं. मेटकऱ्यांच्या घरात पूर्वी बिरू, येडू, भिमा असं दोन अक्षरांत भागायचं. मथुराबाईंची जीभ त्या नावात दोनदा अडकली आणि तिसऱ्यांदा त्यांनी सरळ ‘उकू’ म्हटलं. शहाजीरावांनी नातीला हातात घेतलं आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला की हिला ऐकलेलं कळायला लागायच्या आत मार्च यायला पाहिजे.

अभ्यासासाठी त्यांनी मागच्या गल्लीतल्या श्रीदेवी येमूल यांची शिकवणी लावली. श्रीदेवी म्हणजे तिशीची, बारीक, मऊ आवाजाची बाई. घरी तेलुगू, शिकवणीत मराठी, आणि रागावली की दोन्ही. शहाजीराव पहिल्या बाकावर बसले तर मागच्या मुलांना फळा दिसेना. शेवटच्या बाकावर बसवले तर त्यांना दिसेना. अखेर फळ्याच्या बाजूला त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची मांडली. त्यामुळं नवीन येणारं प्रत्येक पोर आधी त्यांच्याच पाया पडायचं.

घटक चाचणीत त्यांना गणितात इतके कमी गुण पडले की श्रीदेवीबाईंनी पेपरवर ‘पालकांची सही आणावी’ असं लिहिलं. सगळ्यांनाच लिहिलं होतं, पण शहाजीराव नियमाचे पक्के. त्यांनी पेपर मथुराबाईंसमोर धरला. मथुराबाईंनी तो उलटसुलट पाहिला, चष्मा आणायला लावला आणि सही करण्याआधी विचारलं, ‘‘मोबाइल किती येळ बघता दिवसाचं?’’

पुढच्या आठवड्यात पालक सभा होती. मथुराबाई नवी साडी नेसून गेल्या, पुढच्या रांगेत बसल्या आणि परत आल्या त्या गंभीर होऊन.

‘‘बाई म्हणल्या, डोस्कं हाय, पर ध्यान न्हाय. खिडकीतनं बघत बसतात म्हणल्या.’’

‘‘खिडकीतनं? अगं, तिथं इंद्रजीतच्या बँकेचा शिपाई स्कूटर लावत होता, म्हणून...’’

‘‘म्या सांगितलंय त्यास्नी. हाणा म्हणलं गरज पडली तर.’’

दिवाळीनंतर पूनम बाळाला घेऊन परत आली आणि सासऱ्यांची वही बघून तिनं पदर खोचला. ‘‘बाबा, तुम्हाला गणित येत नाही असं नाही. तुम्हाला ‘क्ष’चा राग येतो.’’ हे अगदी खरं होतं. ज्या वस्तूचं नाव माहीत नाही ती स्टोअरमध्ये ठेवून घेणं शहाजीरावांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मग पूनमनं ‘क्ष’ला पेटी म्हटलं. पेटीत किती बोल्ट आहेत ते माहीत नाही, पण दोन पेट्या आणि वरचे सात मिळून एकोणीस होतात, तर? ‘‘सहा!’’ शहाजीराव ओरडले आणि पाळण्यातली उत्कर्षा दचकून रडायला लागली. चाळीस वर्षं बंद असलेलं काहीतरी त्या दिवशी उघडलं. पुढं रोज दुपारी बाळ मांडीवर, वही पुढ्यात, असा त्यांचा वर्ग चालला. बाळाला दात येत होते. तिनं भूमितीच्या पुस्तकातली दोन प्रमेयं कोपऱ्यासकट चावून टाकली, आणि पूनम म्हणाली, ‘‘असू दे बाबा, ती तशीही आपण सोडणारच होतो.’’ रात्रीची झोप नाही, कॉलेजची रजा संपत आलेली, तरी त्या पोरीनं एक दुपार चुकवली नाही. शहाजीरावांना हे बोलून दाखवता आलं नाही. ते फक्त तिच्यासाठी रोज चहा करायला लागले, आणि तो चहा पूनम निमूटपणे पीत असे.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी निवृत्तीच्या निरोप समारंभात मिळालेला कोरा सफारी घातला. नवं कापड शुभ असतं, असं रुद्रप्पांचं म्हणणं. केंद्रावर गेटवरचा पोलीस ‘पालकांनी बाहेर थांबा’ म्हणून ओरडत होता, पण सफारी बघून त्यानं सॅल्यूट ठोकला. शहाजीराव व्हरांड्यात शिरले तसे एका वर्गातून दुसऱ्या वर्गात इशारे गेले. खिडक्यांमधून कागदाचे बारीक बोळे बाहेर पडू लागले. केंद्रप्रमुख धावत आले आणि ‘‘साहेब, आधी चहा घ्या, मग वर्ग बघू,’’ म्हणून त्यांना ऑफिसात घेऊन गेले. भरारी पथक इतक्या लवकर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

‘‘मला बसायचंय,’’ शहाजीराव सांगत होते.

‘‘बसा ना साहेब, बसा! पंखा लाव रे!’’

घंटा झाली तेव्हा त्यांनी खिशातून हॉल तिकीट काढून टेबलावर ठेवलं. केंद्रप्रमुखांनी ते वाचलं, फोटो पाहिला, सफारी पाहिला आणि चहाचा कप उचलून घेतला.

तरीही पेपर झाले. मे महिना उजाडला. यंदा चनबसप्पा लवकरच गावी येऊन थडकला होता, पण शहाजीरावांनी सिद्धरामला फोनवर बजावलं होतं, ‘‘निकाल लागेस्तोवर त्याला हिकडं सोडू नगंस.’’ बिचाऱ्या सिद्धरामनं हेळव्याला रोज नवं काहीतरी खायला घालून ठेवून घेतलं.

आणि शहाजीराव पास झाले. गणितात काठावर, पण पास. मथुराबाईंनी कॉलनीत पेढे वाटले. रुद्रप्पांनी ते यश सफारीच्या नावावर जमा केलं. आबासाहेबांचा फोन आला, ‘‘अभिनंदन. अक्षर सुधारा.’’ शहाजीरावांनी हेळव्याला मोकळं करायला सांगितलं आणि आबासाहेबांना खास बोलावून घेतलं. ज्यांच्या देखत इज्जत गेली, त्यांच्या देखत परत यायला हवी होती.

चनबसप्पा आला तो थकलेला दिसला. खुर्चीत बसायला त्याला पुतण्याचा खांदा लागला. ‘‘ही शेवटची फेरी री,’’ तो म्हणाला. ‘‘गुडघं गेलं. आता पुतण्या माझं म्हणणं मोबाइलमधी भरून घेतोय. इथून पुढं तेच वाजवायचं. आज म्हणीन ते कायमचं.’’

शहाजीरावांनी प्लॅस्टिकचं आवरण घातलेली गुणपत्रिका त्याच्या हातात दिली. त्यानं ती कपाळाला लावून परत दिली. ‘‘पास झाला ना? मग म्हणतो, शहाजी दहावी पास झाला. बरं, बाळ कुटं हाय? नातू न्हवं?’’

‘‘नात,’’ मथुराबाई म्हणाल्या.

‘‘असू द्या, असू द्या. मग तेवढं एकच काम.’’

‘‘एकच म्हणजे?’’ पूनमनं विचारलं. उत्कर्षा तिच्या कडेवर होती.

‘‘लेकी आमी घेत न्हाई री. ती नांदायला जाईल, तिकडचा हेळवी बघंल.’’

‘‘व्हय का?’’ मथुराबाई पुढं झाल्या. ‘‘मी वेळापूरची लेक. हितं नांदायला येऊन मला लई वर्सं झाली. हितल्या वळीत मी न्हाय. वेळापूरच्या वळीत माझं भाऊ हायेत, मी न्हाय. मग मी हाय कुटं?’’

चनबसप्पानं बराच वेळ टाळूवरून हात फिरवला. त्याच्या एवढ्या वर्षांच्या फिरतीत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. ‘‘घेतो री,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘दार तुमचं, माणूस तुमचं. नाव काय?’’

नाव ऐकून त्याच्या चेहऱ्यावर कळ आली. पण पुतण्यानं मोबाइल धरला आणि त्यानं सुरू केलं. ‘‘...तुकारामाचा शहाजी, शहाजी दहावी पास झाला. शहाजीची उत्कर्षा, उत्कर्षाचा इंद्रजीत...’’ चुकलं. पुन्हा. ‘‘...तुकारामाची उत्कर्षा, दहावी पास झाली...’’ इंद्रजीतला हसू आवरेना. तिसऱ्यांदा भिमाची घोडी बँकेत बसली. म्हातारा घामाघूम झाला. जन्मभर ज्या वाटेनं डोळे मिटून चालला, तिथं त्याला आता दोन ठिकाणी नवं वळण घ्यायचं होतं.

‘‘दोन न्हाई जमत,’’ तो अगदी लाजून म्हणाला. ‘‘डोकं गेलं री आता. एकच काय ते बदलतो. तुमचं, न्हाईतर पोरीचं. तुमी सांगा.’’

पूनम बाळाचं झबलं सारखं करत राहिली आणि म्हणाली, ‘‘बाबा, तुमचंच घ्या. वर्षभर केलंत तुम्ही.’’ ते ती मनापासून म्हणत होती आणि म्हणूनच शहाजीरावांना ते सहन झालं नाही. त्यांनी मांडीवरच्या गुणपत्रिकेकडं पाहिलं. त्या गणिताच्या काठावरच्या गुणांसाठी हीच पोर पेंगत पेंगत पेट्या मोजत बसली होती, आणि तिच्याच लेकीला ओळीबाहेर ठेवून आपण आत जाऊन बसायचं? त्यांना हवं होतं ते समोर होतं. अजूनही हवं होतं, फार हवं होतं.

‘‘माझं जुनंच ऱ्हाऊ द्या,’’ ते म्हणाले. ‘‘हिला घ्या.’’

‘‘पण तुम्ही पास झालात!’’ आबासाहेब खुर्चीतून उठले. चुकीची नोंद कायम होतेय हे त्यांच्यातल्या मुख्याध्यापकाला बघवेना. ‘‘शहाजीराव, हे बरोबर नाही. कायमचं राहील ते!’’

‘‘ऱ्हाऊ द्या की,’’ शहाजीरावांची भाषा थेट गावाला जाऊन पोचली होती. ‘‘पास झालो ते मला ठावं हाय, तुमाला ठावं हाय. हिला सांगायला तुमी हाईसा न्हवं?’’

आबासाहेब उभेच राहिले.

चनबसप्पानं पाणी पिऊन कानावर हात ठेवला. ‘‘पोरीनं काय केलं ते काय म्हणू?’’

‘‘अजून काय न्हाय केलं,’’ मथुराबाई म्हणाल्या. ‘‘करंल.’’

‘‘मग तिच्या नावाफुडं थांबतो. जागा मोकळी सोडतो.’’ आणि त्याचा खडा आवाज जिन्यापर्यंत गेला. मूळपुरुष बिरू, बिरूचा येडू, येडूचा भिमा, भिमाचा तुकाराम. ‘‘...तुकारामाचा शहाजी, शहाजी दहावीला तीनदा बसला...’’

गेटवर जमलेल्या शेजाऱ्यांत कुणीतरी खुदकन हसलं. चनबसप्पा त्या हसण्यासाठी सवयीनं जरा थांबला.

‘‘थांबू नगा,’’ शहाजीराव नातीला कडेवर घेत म्हणाले. ‘‘फुडं म्हणा, फुडं.’’